मधला तुकडा

सळयांचा जुडगा जमिनीवरून सुटला, हवेत जरासा डुलला, स्थिरावला, आणि वरच्यानं क्रेनचा लांब हात उजवीकडे फिरवायला

हूक रिकामा होता.

जुडगा पलीकडच्या स्लॅबवर, जिथं पाहिजे तिथंच, नीट सरळ ठेवलेला. बांधणारे दोघं साखळ्या सोडवून बाजूलाही झाले होते. त्यांतल्या एकानं वर बघून अंगठा दाखवला. वरच्यानंही काचेतून अंगठा दाखवला, कारण अंगठ्याला अंगठाच दाखवायचा असतो. आणि मग त्याला दरदरून घाम फुटला.

मधला तुकडाच नव्हता. विसरला म्हणावं तर तसंही नाही. विसरलेल्या गोष्टीची निदान जागा तरी शिल्लक असते, तिथं काहीतरी होतं एवढं कळतं. इथं उचललं होतं आणि ठेवलं होतं, आणि दोन्ही एकमेकांना चिकटून होतं. फिरवलं कुणी, खाली सोडलं कुणी, अलगद टेकवलं कुणी, पत्ता नाही. आणि तेवढ्या वेळात ते सगळं लोखंड खाली उभ्या असलेल्या मेहुण्याच्या डोक्यावरून गेलं असणार. दुसरी वाटच नव्हती.

वरचा म्हणजे क्रेन चालवणारा. उंच इमारतींच्या कामावर एका पायावर उभी असते ती क्रेन. तिच्या मानेपाशी काचेची एक खोली, मोरीएवढी. तिच्यात तो दिवसभर बसायचा. साइटवर त्याचं खरं नाव कुणी घेत नसे. 'वरच्याची मर्जी', 'वरचा बघतोय', 'आता सगळं वरच्याच्या हातात', हे विनोद रोज व्हायचे आणि रोज तितकंच हसलं जायचं. खाली उभा राहून त्याला वॉकीटॉकीवर इशारे देणारा होता त्याचा सख्खा मेहुणा, बायकोचा एकुलता एक धाकटा भाऊ. त्याला या कामावर लावलं वरच्यानंच. लावताना सासूबाई म्हणाल्या होत्या की तुमच्या भरवशावर पाठवतेय हो, आणि वरच्यानं छाती पुढं काढून सांगितलं होतं की माझ्या नजरेखालीच असेल. खरं तर तो नजरेखाली कमी आणि हुकाखाली जास्त असायचा.

दोघांची एक पद्धत होती आणि तिचा दोघांनाही भारी अभिमान. मेहुण्यानं शब्द द्यायचा, वरच्यानं तोच शब्द परत द्यायचा, मगच क्रेन हलवायची. "उचल." "उचल." "डावीकडे." "डावीकडे." "थांब." "थांब." बाकीचे चेष्टा करत, पोपट पाळलाय म्हणत. पण मेहुण्याचं म्हणणं असं की माणूस पेंगत असला, रागात असला, भलतीकडे बघत असला, तर त्याचा शब्द परत येणार नाही. आणि शब्द आला नाही की मी मालाखालून पळालोच म्हणून समजा.

त्या दिवशी डबा खाताना वरच्यानं सहज विचारल्यासारखं विचारलं, मघाशी सळयांच्या वेळी माझा आवाज नीट येत होता का, वॉकीटॉकी जरा खरखरतोय. मेहुणा तोंडातला घास एका गालात सारून म्हणाला की अगदी स्वच्छ. शब्दाला शब्द. "आज तर हात लोण्यासारखा चालला तुमचा, दाजी. रोज असा चालू दे."

वरच्यानं अर्धा डबा तसाच बंद केला. शब्द आला नसता तर एक वेळ परवडलं असतं.

*

आता झोपेचं म्हणाल, तर घरात या माणसाइतका सुखी कुणी नाही असंच सगळे धरून चालत. बायको उशीवर डोकं टेकवून उद्याच्या चिंता मोजत बसायची; हा बोलता बोलता गाढ. टीव्हीसमोर झोपायचा, न्हाव्याच्या खुर्चीत झोपायचा, मुलीच्या शाळेतल्या पालकसभेत झोपला होता आणि मुख्याध्यापिका बोलायच्या थांबल्या होत्या. आणि घोरणं तर असं की शेजारचे गृहस्थ एकदा सुट्टीच्या दिवशी दारात आले आणि फार अदबीनं विचारून गेले की भिंतीला भोकं पाडायचं काम अजून किती दिवस आहे.

बायको मुलीच्या खोलीत झोपायला गेली त्याला आता बरीच वर्षं झाली होती. भांडण नव्हतं, काही नव्हतं. तिला सकाळी उठून काम असायचं. मुलीनं तर कमालच केली. बापाचं घोरणं फोनवर रेकॉर्ड करून तिनं त्याची रिंगटोन केली. मधे मधे बाबा गप्प होतात, ते कंटाळवाणं वाटतं, म्हणून तेवढं कापून टाकलं म्हणाली. फोन वाजला की सगळं घर खिदळायचं. वरचाही हसायचा.

बाकी तक्रारी होत्या, पण त्या वेगवेगळ्या फडताळांत ठेवलेल्या. सकाळी उठल्यावर डोकं असं जड की कुणी रात्रभर त्यावर बसून होतं. तोंड कोरडं ठक्क. रक्तदाब गोळ्या घेऊनही खाली यायचं नाव घेईना. रात्री चार चारदा उठावं लागे. आणि राग. बशीवर चमचा वाजला म्हणून तो एकदा बायकोवर असा काही ओरडला, की नंतर कितीतरी वेळ स्वतःच्या हातांकडे बघत बसला. दाबाच्या डॉक्टरांनी विचारलं होतं, झोप कशी आहे. त्यानं अभिमानानं सांगितलं, पडल्या पडल्या. डॉक्टर म्हणाले, नशीबवान आहात, आणि गोळी वाढवून दिली.

*

त्या जुडग्यानंतर मात्र वरच्यानं स्वतःवर पहारा बसवला. उभ्यानं क्रेन चालवू लागला. जीभ दाताखाली धरून ठेवायचा. घरी जेवताना झोंबायची. बुटात खडा टाकून पाहिला. गाणी म्हणून पाहिली, पण गाणं मधेच संपलेलं असायचं आणि शेवटचं कडवं म्हटल्याचं आठवायचं नाही, त्यामुळे गाण्यांचीच भीती बसली. सगळ्यांत वाईट म्हणजे, क्रेनच्या मुठीला एक खटका असतो. हात ढिला पडला की खटका सुटतो आणि क्रेन जागच्या जागी थांबते; चालवणाऱ्याला काही झालं तर, म्हणून ही सोय. त्याचा हात ढिला पडतच नव्हता. इतक्या वर्षांच्या सवयीनं तो मूठ धरूनच

"...दाजी?"

ब्लॉकांची पाटी खाली टेकलेली होती. वरच्यानं वॉकीटॉकी उचलला. काय रे, म्हणाला.

मेहुणा हसत होता. काही नाही, म्हणाला, आज फार लाडात आलात. मी "थांब" म्हटलं तर तुम्ही "थांब" म्हणालात, थांबलातही, आणि वर म्हणालात, "झोप तू आता, मी दार लावतो." ताईशी बोलत होतात का फोनवर? क्रेन चालवताना फोन नको हां दाजी, साहेबानं पकडलं तर दोघांची वाट लागेल.

वरचा म्हणाला, हो, फोनच होता. चुकलं.

काच पुसायचं फडकं त्यानं तोंडावर दाबलं. खाली माणसं हिंडत होती, वरून फक्त टोपी आणि खांदे दिसणारी. त्यातली एक टोपी मेहुण्याची.

*

यापुढचा तुकडा वरच्याकडे नाही. तो घरच्यांनी त्याला नंतर सांगितला, तिघांनी तीन वेळा, आणि दर वेळी सांगणाऱ्याचा आवाज त्याच ठिकाणी बसला.

रविवारची दुपार. मेहुणा जेवायला आला होता. जेवण झालं, वरचा सोफ्यावर लवंडला आणि लगेच यंत्र सुरू झालं. मुलगी म्हणाली, मामा, खरी रिंगटोन ऐक. थोड्या वेळानं आवाज थांबला. बायकोनं मासिक मिटलं, डोळे मिटले आणि म्हणाली, आता लागली बघ खरी झोप. एवढाच काय तो माझा शांततेचा वेळ.

मेहुणा खुर्चीतून बघत होता. बघणं हाच त्याचा धंदा. भार उचलला जातोय की नुसताच दोर ताणला जातोय, हे त्याला दिवसभर ओळखावं लागतं. त्याला दिसलं की दाजींचं पोट वर ओढलं जातंय, छाती आत जातेय, पुन्हा पोट, पुन्हा छाती, आणि नाकातोंडातून काहीच जात नाही, येत नाही. दोर ताणलेला, माल जागचा हलत नाही. ओठांचा रंग उतरत चालला. मग सगळं अंग एकदम हिसका देऊन उसळलं, घशातून कुणी बुडता बुडता वर यावं तसा आवाज आला, आणि पुन्हा घोरणं सुरू.

असं पुन्हा झालं. आणि पुन्हा. बायको डोळे मिटून बसली होती, समाधानानं.

तेवढ्यात मेहुण्याला काय वाटलं कुणास ठाऊक. गंमत करायची म्हणून असेल, किंवा आधीच शंका आली म्हणूनही असेल. विचारलं की तो दोन्ही सांगतो. त्यानं वाकून, साइटवरच्या आवाजात, दाजींच्या कानाशी म्हटलं:

"उचल."

"उचल," झोपलेला माणूस म्हणाला. आणि सोफ्याच्या हातावर ठेवलेली त्याची मूठ आवळली गेली आणि हळूच मागं सरकली.

मुलगी हसली. मेहुणाही हसला, पण ते हसू अर्ध्यात गेलं.

"डावीकडे."

"डावीकडे." दुसरा हात सरकला. लोण्यासारखा.

"थांब," मेहुणा म्हणाला. म्हणाला कसला, त्याच्या तोंडून आलं.

"थांब," दाजी म्हणाले. हात थांबले. आणि श्वासही थांबला.

मेहुणा उभा राहिला. बायकोनं डोळे उघडले. काय झालं रे, असा पांढरा का पडलास, म्हणाली. त्यानं विचारलं, ताई, हे असं गप्प किती वेळा होतं? ती म्हणाली, रोजच. रात्रभर. तेव्हा तर झोपतो तो. मुलगी एकदम म्हणाली, मी कापलेले तुकडे अजून आहेत माझ्याकडे. तिनं ते लावले. फोनमधून काहीच ऐकू येईना. पंख्याची घरघर, लांबून कुत्रं, आणि काहीच नाही. काहीच नाही. इतकं लांब काहीच नाही, की ती मधेच रडायला लागली.

*

डॉक्टरांनी, हे दुसरे, झोपेचे, तो आवाज एकदाच ऐकला. सांगितलं ते असं: झोपेत यांचा घसा मिटतो. हवा बंद झाली की मेंदू घाबरून यांना जागं करतो, तासातासाला कितीतरी वेळा, यांना पत्ता न लागता. म्हणजे हे गेली कित्येक वर्षं रोज झोपायला जातात आणि झोपत नाहीत. हृदयावर ताण येतो, दाब वाढतो तो त्यामुळेच. आणि राहिलेली झोप मेंदू दिवसा चोरतो, घोट घोट. उपाय आहे, म्हणाले. रात्री तोंडावर मुखवटा लावायचा, मशीन हवा देतं. आधी एक रात्र तपासणी करावी लागेल, तारीख पुढच्या आठवड्यातली मिळेल. तोवर गाडी चालवू नका. काम काय करता?

"बांधकामावर असतो," वरचा म्हणाला.

बायकोनं मान वळवून त्याच्याकडे बघितलं. डॉक्टर लिहीत होते. ती काही बोलली नाही, आणि बोलली नाही हेच पुढं तिला सर्वांत जास्त खात राहिलं.

घरी येऊन मग भांडण झालं. ती म्हणत होती, रजा टाक. तो म्हणत होता, ऐन स्लॅबच्या आठवड्यात रजा, आणि कारण काय सांगू, झोप येते? आयुष्यभर सगळे हसतील आणि पुन्हा शिडी चढू देणार नाहीत. एकच आठवडा. ती भावाकडे वळली. तू सांग याला. तू उभा असतोस खाली.

आणि इथं मेहुण्यानं चूक केली. भित्रा होता म्हणून नव्हे, हुशार होता म्हणून. तो म्हणाला, आपली पद्धत बदलू. शब्दाला शब्द तर झोपेतही देता येतो हे कळलंच. मी प्रश्न विचारेन. रोज नवे. आधी माहीत नसलेले. त्याला डोकं लागतं, झोपलेल्याला कसं जमेल? बायको दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिली. त्यांच्या चेहऱ्यांवर तोच जुना अभिमान पुन्हा आला होता.

*

सोमवारी, मंगळवारी झकास चाललं.

"दाजी, ताई चिडली की काय करते?"

"भांडी घासते."

"घासलेली?"

"घासलेलीच. उजवीकडे?"

"उजवीकडे."

प्रश्नांमुळे खरोखरच तरतरी येत होती. वरच्याला वाटलं, सुटलो. भीती मात्र गेली नव्हती. ती जागा बदलून बसली होती. रात्री तो झोपायला जायचा आणि आता त्याला माहीत होतं, आत काय आहे ते. बायको पुन्हा त्याच्याशेजारी झोपू लागली होती. तो गप्प झाला की ती खांदा हलवायची. इतकी वर्षं ज्या शांततेची ती वाट बघायची, तिचीच आता धास्ती घेऊन अंधारात डोळे उघडे ठेवून पडायची. सकाळी दोघांचे डोळे सारखेच लाल.

गुरुवारी काँक्रीट. भरलेली बादली, म्हणजे माणूस उभा मावेल एवढी लोखंडी बादली, खालून उचलायची आणि स्लॅबवरच्या माणसांच्या मधोमध नेऊन रिकामी करायची. हे काम नाजूक. ऊन तिरपं झालं होतं, काचेच्या खोलीत कोमट. बादली उचलली. मेहुण्यानं विचारलं, दाजी, तुम्ही ताईला बघायला आला होतात तेव्हा आमच्या घरी काय मोडलं होतं? वरचा मनात म्हणाला, खुर्ची; आणि तोंड उघडून

"मग? मग पुढं काय झालं?"

मेहुण्याचा आवाज. हसून हसून दम लागलेला.

बादली स्लॅबवर होती. स्लॅबवर म्हणजे हवेत, माणसांच्या टोप्यांच्या जरा वर, हळूहळू खाली जाणारी. वरच्यानं आपला हात पाहिला. हात मूठ धरून तिला खाली सोडत होता, बेतानं, सुंदर.

"मी काय सांगत होतो?" त्यानं विचारलं.

"अहो ते खुर्चीचं. आमच्या बाबांनी खुर्ची दिली, ती मोडली, मग तुम्ही मोडलेल्या खुर्चीवर तसेच बसून राहिलात, मग आई..." मेहुण्याचं हसू थांबलं. वॉकीटॉकीत नुसती खरखर आली. मग अगदी हळू: "दाजी. तुम्ही केव्हापासून झोपलाय?"

वरच्यानं मूठ सोडली. बादली जागच्या जागी अडखळली आणि डोक्यांवर झुलू लागली. त्यानं लाल बटण दाबलं. हात काखेत घालून घट्ट धरले, दुसऱ्याचे असावेत तसे. मग एक हात पुन्हा बाहेर काढावा लागला, कारण चॅनेल बदलायचा होता. सगळ्या साइटला ऐकू जातो तो चॅनेल.

"मी झोपेत क्रेन चालवतोय," तो म्हणाला. "बादलीखालून सगळे बाजूला व्हा. मी आता तिला हात लावणार नाही. दुसरा माणूस बोलवा."

कुणीही हललं नाही. एक टोपी वर झाली, दोन झाल्या. कुणीतरी चॅनेलवर हसलं आणि म्हणालं, वरच्याची मर्जी. त्यांना तो विनोद वाटला होता, रोजच्यातलाच.

मग त्याला ती एक टोपी पळताना दिसली. मेहुणा शब्द न आल्यावर मालाखालून पळणार होता. तो सरळ मालाखाली पळत आला. माणसांना ढकलत, दंडाला धरून ओढत, एकाला तर लाथ घालून, त्यानं ती जागा रिकामी केली. तेवढा वेळ बादली त्याच्या डोक्यावर झुलत होती, आणि वरचा काचेतून बघत होता, आणि या एवढ्या वेळातला एकही क्षण त्याच्याकडून गेला नाही. सगळा राहिला.

दुसरा क्रेनवाला शेजारच्या कामावरून यायचा होता. तोवर वरच्याला खाली उतरू देणं शक्य नव्हतं. शिडीवर डोळा लागला तर? इंजिनियरसाहेबांनी सांगितलं, तिथंच बसा, कशाला हात लावू नका. त्यांचा आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं वाटलं असतं.

मेहुणा वर आला. तो खालचा माणूस, आयुष्यात कधी ही शिडी चढलेला नव्हता. खोलीच्या तळाच्या फळीतल्या भोकातून आधी त्याचे पांढरेफटक हात दिसले, मग डोकं. आत सरकून तो मुठींकडे पाठ करून वरच्याच्या आणि क्रेनच्या मधे बसला. खाली बघेना. धाप लागली होती. म्हणाला, सगळे लांब आहेत. ताईला कळवलंय. आता तुम्हाला डोळा लागला तरी कुणाला काही होत नाही, दाजी.

मला होतं, असं वरच्याच्या तोंडावर आलं होतं. पापण्या जड व्हायला लागल्या होत्या. एवढं सगळं होऊनसुद्धा, ती मेली झोप कशालाच भीत नव्हती, येत होती.

"बोलत राहा माझ्याशी," तो म्हणाला.

"काय बोलू?"

"काहीही. फक्त मी उत्तर देतोय म्हणून मी जागा आहे असं धरू नकोस."

 मेहुण्यानं शिडीच्या गंजानं माखलेला हात पुढं केला, तळवा दाजींच्या नाकासमोर धरला, आणि त्यावर हवा लागेपर्यंत स्वतःचा श्वास रोखून बसला.